बंदूक हलकी, बार जड

नेमबाजीच्या मैदानावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "धक्का फारसा बसला नाही, म्हणजे बार मवाळ होता." बोलणाऱ्याचा खांदा खोटं सांगत नसतो. पण ज्या गोष्टीची तो साक्ष देतोय, ती त्याने पाहिलेलीच नसते. धक्का हा खांद्याचा विषय, चेंबरमधला (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेतला) दाब हा लोखंडाचा. दोघांचा जन्म एकाच भडक्यातला, तरी दोघांचे हिशेब दोन वेगळ्या वह्यांत मांडावे लागतात. एका वहीवरून दुसरीतली शिल्लक सांगायला गेलं की घोटाळा होतो. हातात एकबारी, वजनाला हलकी आणि मोठ्या तोंडाची बंदूक असेल, तर तो घोटाळा बोटांवर आणि डोळ्यांवर बेततो.

एकबारी म्हणजे दर खेपेला एकच काडतूस भरायचं, झाडायचं, पुंगळी (काडतुसाचं कवच) काढायची, पुन्हा भरायचं. मॅगझीन नाही, पुढचं काडतूस आपोआप ओढणारी यंत्रणा नाही. बहुतेकींची नळी बिजागरीवर मोडते (ब्रेक-ॲक्शन), काहींत नळीमागचा ठोकळा खाली सरकतो (फॉलिंग ब्लॉक). भाग कमी, म्हणून बंदूक आखूड, सुटसुटीत आणि हलकी. दिवसभर खांद्याला अडकवून चालणाऱ्याला यापेक्षा काय हवं? चाप ओढेपर्यंत काहीच नाही.

खांद्याची वही

गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, आणि दोघींचा संवेग सारखाच असतो. हे शाळेत शिकलेलं असतं, पण आकडे घालून पाहिल्याशिवाय त्याची धग कळत नाही. २६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघाली असं धरू. किलो आणि मीटरमध्ये तिचा संवेग झाला १०.४. तिच्या पाठोपाठ जळलेल्या दारूचा वायूही बाहेर पडतो, तोही गोळीपेक्षा जास्त वेगाने. ३ ग्रॅम वायू सेकंदाला ७०० मीटरने गेला, तर आणखी २.१. बेरीज १२.५. एवढीच रक्कम बंदुकीच्या नावावर उलट दिशेने पडते, आणि ती चुकवायला बंदुकीकडे स्वतःच्या वजनाखेरीज काहीच नसतं.

४ किलोची बंदूक या हिशेबात सेकंदाला ३.१ मीटर वेगाने मागे येते. तिच्यातली ऊर्जा सुमारे २० ज्यूल. २.५ किलोची बंदूक ५ मीटरने येते आणि ३१ ज्यूल आणते. काडतूस तेच, गोळी तीच, फक्त दीड किलो लोखंड आणि लाकूड कमी. ५ मीटर हा वेग म्हणजे बंदूक सव्वा मीटर उंचीवरून टाकली तर जमिनीला टेकताना जो येईल तो.

आता हाव धरून त्याच गोळीचा वेग ४०० वरून ५५० वर नेला, त्यासाठी दारूही थोडी वाढली असं धरलं, तर अडीच किलोची तीच बंदूक ७ मीटरच्या वेगाने मागे येते आणि ऊर्जा ६३ ज्यूलच्या घरात जाते. वेग ३७ टक्क्यांनी वाढला, धक्का दुप्पट झाला. वाढ सरळ रेषेत होत नाही, वर्गाने होते. "थोडंसं कडक काडतूस" असं जे म्हटलं जातं, त्यातलं "थोडंसं" खांद्यापर्यंत पोचेतो असं फुगतं.

या प्रकारात आणखी एक गोष्ट निसटते. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत सरकणारे भाग आणि स्प्रिंग थोडा वेळ खातात, त्यामुळे तोच धक्का जरा लांबवून, हप्त्याहप्त्याने मिळतो. एकबारीत हप्ते नाहीत. जे यायचं ते एकरकमी येतं.

हा अनुभव आजचा नाही. अमेरिकी सैन्याने १८७३ साली .४५-७० हे काडतूस घेतलं. नावातच भरणी आहे: .४५ इंच व्यास आणि ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम काळी दारू. पुढे ४०५ ग्रेनची, सुमारे २६ ग्रॅमची शिशाची गोळी. पायदळाची स्प्रिंगफील्ड रायफल होती सुमारे ४ किलोची, तिने ते सोसलं. घोडदळाला मात्र सुमारे ३ किलोची आखूड कार्बाइन दिलेली होती, आणि त्यांच्यासाठी तीच गोळी ठेवून दारू ५५ ग्रेनवर आणली गेली. दोन्हीही एकबारीच. बंदूक हलकी केली तर बार उतरवायचा, हा व्यवहार सैन्याने दीडशे वर्षांपूर्वीच पत्करला होता. आज अडीच किलोची एकबारी घेऊन तिच्यात सर्वांत कडक काडतूस कोंबणाऱ्याला तो मान्य नसतो, एवढाच फरक.

छऱ्यांच्या बंदुकांसाठी इंग्लंडच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या बंदूककाराच्या नावाने चालत आलेला ठोकताळा यापेक्षाही सोपा आहे: बंदुकीचं वजन छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट हवं. २८ ग्रॅम छरे असतील तर बंदूक २.७ किलोची. ३६ ग्रॅमला साडेतीन किलो. आणि ५३ ग्रॅमचं मॅग्नम, म्हणजे जादा भरणीचं, काडतूस? त्याला पाच किलोहून जड बंदूक लागेल. अशी काडतुसं अडीच-तीन किलोच्या एकनळीतूनही उडवली जातात. उडवता येतात हे खरं, पण एक उडवल्यावर दुसरं उडवायची इच्छा किती जणांना उरते, हा प्रश्न वेगळा.

लोखंडाची वही

या वहीत खांद्याला मत नाही. जड गोळी, संथ जळणारी काळी दारू आणि मध्यम वेग यांत धक्का जबर बसतो, पण दाब बेताचा राहतो. उलट, झपाट्याने जळणारी धूरविरहित दारू आणि हलकी गोळी यांत खांद्याला जेमतेम थाप बसते, आणि तेवढ्यात चेंबरमधला दाब मर्यादेच्या पार गेलेला असू शकतो.

काळ्या दारूचा स्वभाव एका परीने सोशिक होता. जळल्यावर तिच्यातलं निम्म्याहून जास्त वजन घन राखच होते, वायू कमी बनतो, आणि भोवतालचा दाब वाढला म्हणून तिचं जळणं फारसं बेफाम होत नाही. "ठासून भरणे" हा आपला शब्दप्रयोग त्याच दारूच्या काळातला आहे आणि तेव्हा तो अक्षरशः शहाणपणाचा होता. काळी दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळीला कड्यासारखा फुगवटा येऊ शकतो, म्हणून दारू दाबून बसवायची. पुढे १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने धूरविरहित दारू तयार केली आणि नियम बदलले. ही दारू दाब वाढेल तशी जास्त वेगाने जळते, जास्त वेगाने जळेल तसा दाब आणखी वाढतो. हे चक्र आटोक्यात ठेवणारी मोजणी चुकली की लोखंडाला सावरायला वेळ मिळत नाही. काळ्या दारूसाठी घडवलेल्या जुन्या नळीत धूरविरहित दारू घालायची नाही, हा नियम इथून येतो.

आता मोठ्या तोंडाची खरी अडचण. .४५-७० साठी अमेरिकेतल्या सामी या प्रमाणसंस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा आहे २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पाउंड), म्हणजे सुमारे १,९३० बार (हा बार दाबाचं एकक, बंदुकीचा बार नव्हे). .२२३ या चिमुकल्या काडतुसाची मर्यादा ५५,००० पीएसआय. आकडे शेजारी ठेवले की वाटतं, .४५-७० किती नरम! पण बंदुकीच्या मागच्या भिंतीवर दाब नव्हे, बल येतं. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. .४५-७० च्या पुंगळीचा तळ सुमारे १२.८ मिलिमीटर व्यासाचा, .२२३ चा ९.६. बाहेरचा व्यास धरून ढोबळ गुणाकार केला तर पहिल्याचं बल येतं अडीच टनांच्या आसपास, दुसऱ्याचं पावणेतीन टनांच्या. दाब निम्मा, तरी भिंतीवरचा भार जवळपास तेवढाच. आणि .४५-७० मधला दाब कुणी ४०,००० पीएसआयवर नेला, तर भार साडेतीन टनांच्या पुढे जातो. ब्रेक-ॲक्शनमध्ये हा सगळा भार अडवतो तो एक लहानसा खटका आणि बिजागरीची एक खीळ.

दुसरी बाजू नळीच्या जाडीची. बाहेरून २४ मिलिमीटर व्यासाच्या नळीत ९.६ मिलिमीटरचं भोक पाडलं तर भिंत उरते ७.२ मिलिमीटर. १२.८ चं पाडलं तर ५.६. म्हणजे काडतूस जाडजूड झालं की त्याच दाबाला मागच्या भिंतीवरचा भार वाढतो आणि त्याच वेळी तो पेलणारं लोखंड पातळ होतं. हलकी करण्यासाठी नळी बाहेरूनही तासली असेल तर विचारूच नका. बारीक काडतुसासाठी घडवलेल्या एकबारीचं चेंबर मोठं करून घ्यावं असा मोह होतो. नळीला धरून ठेवणारी चौकट तीच राहते, भार मात्र नवा येतो. हे काम बनवणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय करू नये असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच काडतुसं भरणाऱ्यांच्या पुस्तिकांत .४५-७० साठी एक नव्हे, तीन वेगळे तक्ते असतात: १८७३ च्या स्प्रिंगफील्डसारख्या जुन्या बंदुकांसाठी, लिव्हर-ॲक्शनसाठी (चापाखालची तरफ हलवून भरायच्या बंदुका), आणि १९६७ साली आलेल्या रूगर नंबर वनसारख्या भक्कम फॉलिंग ब्लॉकसाठी. काडतूस बाहेरून तिन्हींत एकसारखं, तिन्ही चेंबरमध्ये तितक्याच सहज बसणारं. बसलं म्हणजे चालेल, असं इथे म्हणता येत नाही. आणि बंदूक एकबारी आहे, एवढ्यावरून ती तिसऱ्या तक्त्यात बसते असंही नाही. दोन एकबाऱ्यांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

कुणी म्हणेल, दाब जास्त झाला तर खुणा दिसतीलच की! टोपी (काडतुसाच्या तळाशी, ठोका बसताच पेटणारी) चपटी होते, पुंगळी चिकटते. या खुणा खऱ्या आहेत, पण त्या पुंगळीच्या पितळाच्या आहेत. पितळ साधारण आजच्या बोल्ट-ॲक्शन (दांडा मागे-पुढे सरकवून भरायच्या) रायफलींच्या दाबाला पोचल्यावर बोलायला लागतं. २८,००० पीएसआयसाठी बनवलेली चौकट त्याच्या कितीतरी आधी ताणलेली असते. पितळ गप्प आहे म्हणून लोखंड सुखात आहे, असं समजू नये. हलक्या ब्रेक-ॲक्शनमध्ये पाहायचं ते वेगळं: नळी मोडायला नेहमीपेक्षा जोर लागतोय का, बिजागरीत खुळखुळ आली का, बंद बंदूक (रिकामी, दोनदा तपासलेली) उजेडासमोर धरली तर नळी आणि मागची भिंत यांच्यात पूर्वी नव्हती अशी फट दिसते का. यातलं एकही "हो" आलं, तर बंदूक कारागिराकडे.

छऱ्यांच्या काडतुसांत एक सापळा आहे, तो जवळून पाहण्यासारखा आहे. काडतुसावर ७० किंवा ७६ मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. ते माप भरलेल्या काडतुसाचं नाही, उडाल्यानंतरच्या पुंगळीचं आहे. भरलेलं असताना पुढची कड आत दुमडलेली असते, त्यामुळे ७६ चं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये निमूट बसतं आणि बंदूक खट्कन बंदही होते. बार उडाला की दुमडलेली कड उघडायला जाते, आणि तिला जागाच नसते. नळी जिथे निमुळती होते तिथे ती कड बुचासारखी अडकते, छऱ्यांची वाट अरुंद होते, दाब चढतो. त्यात १२ बोअरच्या (बोअर हे नळीच्या तोंडाचं माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक) साध्या काडतुसांची युरोपीय मर्यादा ७४० बार, कडक काडतुसांची १,०५०. म्हणजे आधीच जास्त, वर हा अडथळा. नळीच्या बुडाशी कोरलेलं चेंबरचं माप आणि चाचणीचा शिक्का भिंगातून का होईना, वाचावा.

२० बोअरच्या काडतुसांचा पिवळा रंगही अशाच एका अपघातावरचा उपाय आहे. ते चुकून १२ बोअरच्या नळीत पडलं तर आत सरकून पुढे अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, आणि मागून १२ चं काडतूस भरलं जातं. पुढचं चित्र रंगवायची गरज नाही.

फुसका बार

कमी भरणी म्हणजे जास्त सुरक्षित, हाही अर्धाच खरा हिशेब. फुसका बार आपण थट्टेत म्हणतो. बंदुकीत तो थट्टेचा विषय नाही. टोपी पेटली, दारू पुरती जळली नाही, आणि गोळी नळीतच अडकली. आवाज दबका, धक्का जवळजवळ नाही. अशा वेळी घाईने दुसरं काडतूस भरणारा माणूस बंद नळीत बार उडवतो. आवाज किंवा धक्का नेहमीसारखा वाटला नाही, तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं, कारण दारू उशिराही पेटू शकते. मग बंदूक उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का, ते मागच्या बाजूने पाहायचं. एकबारीत हे पाच सेकंदांचं काम आहे. ही तिची एक खरी सोय.

मोठी पुंगळी हा घरी भरणाऱ्यांसाठी वेगळाच धोका. .४५-७० ची पुंगळी काळ्या दारूसाठी बनलेली, म्हणून ऐसपैस. झटपट जळणाऱ्या दारूचं माप तिच्या तळाशी कुठेतरी पडून राहतं. लक्ष विचलित होऊन तेच माप दुसऱ्यांदा ओतलं तरी पुंगळी काठोकाठ भरत नाही, आणि डोळ्याला खटकत नाही. दुसरीकडे, संथ जळणाऱ्या दारूचं प्रमाण तक्त्यातल्या किमान आकड्याच्याही खाली नेलं, तर ती नीट पेटत नाही किंवा अचानक भलताच दाब देते. तक्त्याला वरची रेघ असते तशी खालचीही असते. मवाळ बार हवा असेल तर तो मवाळ म्हणूनच बनवलेला, छापील माहितीतला घ्यावा. कडक बारातली दारू अंदाजाने कमी करून नव्हे.

सोसायचं कसं

सर्वांत गुणकारी उपाय सर्वांत कंटाळवाणा आहे: मवाळ काडतूस. आपल्या उदाहरणातल्या गोळीचा वेग ४०० वरून ३४० वर आला आणि दारू त्या मानाने उतरली, तर अडीच किलोच्या बंदुकीचा धक्का ३१ ज्यूलवरून २१ वर येतो. त्याऐवजी दस्त्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या) पोकळीत अर्धा किलो शिसं भरलं तर ३१ चे २६ होतात. दोन्ही केलं तर उत्तमच, फक्त मग हलकी बंदूक कशाला घेतली असं स्वतःला विचारावं लागतं.

रबरी गादी ऊर्जा कमी करत नाही. ती धक्का काही मिलिसेकंद लांबवते आणि जास्त जागेवर पसरवते. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक रायफलींना दस्त्याच्या टोकाला चंद्रकोरीसारखी लोखंडी पट्टी असे. तिची दोन टोकं खांद्यात कशी रुतत असतील, ते पाहूनच कळतं. गादीइतकाच महत्त्वाचा दस्त्याचा आकार. दस्ता नळीच्या रेषेपेक्षा फार खाली उतरलेला असेल तर बंदूक सरळ मागे न येता वर उसळते आणि दस्त्याची धार गालाच्या हाडावर येते. दस्ता आखूड असेल तर चाप ओढणाऱ्या हाताचा अंगठा नाकावर. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवली असेल तर भुवईवर अर्धगोल खोक पडते. एकदा पडली की माणूस अंतर विसरत नाही.

नळीच्या तोंडाला बसवायचा मझल ब्रेक वायू बाजूला वळवतो, म्हणजे त्याचा सौदा वायूच्या वाट्यापुरता. आपल्या हिशेबात १२.५ पैकी वायूचे २.१. वायू मागच्या बाजूला वळवून थोडा जास्त फायदा मिळतो, पण कमी दारूच्या, जड गोळीच्या काडतुसात ब्रेक बिचारा काय करणार? खूप दारूच्या, वेगवान काडतुसात तो कमाल करतो. किंमत कानांनी मोजायची. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो आणि बहुतेक बंदुका त्याच्या वरच असतात. ब्रेक तो आवाज झाडणाऱ्याकडे आणि शेजाऱ्याकडे फिरवतो. कानात बोळे आणि वरून झाकणं, दोन्ही हवीत.

पकडीबद्दल एक गैरसमज: बंदूक सैल धरली की धक्का कमी लागतो. उलट आहे. सैल बंदूक वेग घेऊन खांद्यावर आदळते. घट्ट टेकवलेली बंदूक खांद्यासकट मागे जाते, म्हणजे तुमचं थोडं वजन तिच्या वजनात मिळतं. उभं राहून झाडलं तर शरीर मागे झुकून धक्का जिरवतं. मेजावर वाकून किंवा पालथं झोपून झाडलं तर शरीराला जायला जागाच नसते, आणि तेच काडतूस दुप्पट वाटतं. निशाणा जुळवायला मेज लागतंच. तेव्हा दस्ता आणि खांदा यांच्यात जाड गादी घ्यायला लाजू नये.

पकड बदलली की निशाणाही बदलतो, आणि हे मनाचे खेळ नाहीत. गोळी नळीतून ६० सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत अडीच किलोची बंदूक मागे सुमारे साडेसहा मिलिमीटर सरकलेली असते. म्हणजे गोळी बाहेर पडण्याआधीच बंदूक जागची हललेली असते, आणि ती कशी हलेल हे तुमच्या हातांवर ठरतं. हलक्या, मोठ्या तोंडाच्या बंदुकीत दर वेळी त्याच जागी, त्याच जोराने धरणं ही शिस्त नेमाइतकीच महत्त्वाची.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट मनात घर करते: दचकणं. बार उडण्याच्या क्षणभर आधी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, बोट चाप ओढण्याऐवजी हिसका मारतं. बंदुकीच्या आवाजात आणि धक्क्यात हे झाकून जातं, म्हणून करणाऱ्याला कळतच नाही. ते उघडं पाडायला एक जोडीदार आणि नकली काडतूस पुरतं. बंदूक जोडीदाराने भरायची, कधी खरं काडतूस, कधी नकली, आणि काय भरलं ते सांगायचं नाही. घोडा पडतो, टक् एवढाच आवाज येतो, आणि नळीचं तोंड सर्वांच्या देखत बोटभर खाली बुचकळी मारतं. धक्का नाही, आवाज नाही, तरी माणूस हललेला. इथे कडक काडतुसांचा डबा बंद करायचा आणि मवाळ काडतुसांचा उघडायचा. पाच खरी, पाच नकली, मध्ये भरपूर वेळ. नकली काडतुसावर नळी जागची हलेनाशी झाली की मग एक कडक काडतूस, फक्त एक, आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा नकली.